हान्स घोड्याचें गणित

बर्लिनचे निवृत्त शिक्षक फॉन ओस्टेन यांचा हान्स घोडा बेरीज-वजाबाकी करी, आणि उत्तर येईल तितक्या वेळां खूर आपटी. १९०४ सालच्या चौकशी-समितीस लबाडी आढळली नाहीं. आणि लबाडी नव्हतीच! ऑस्कर फुंग्स्ट यांनीं मात्र, ज्यास स्वतःस उत्तर ठाऊक नाहीं अशाकडून प्रश्न विचारविले. कधीं घोड्यास विचारणारा दिसूं दिला नाहीं. दोन्ही वेळां हान्सची विद्या आटली. आंकडा पुरा होतांच विचारणाऱ्याची मान नकळत किंचित् वर होई, तेवढ्यानें तो थांबे. गुपित उकलल्यावरही फुंग्स्ट यांना स्वतःची ती हालचाल आवरतां येईना! प्रयोग घेणाऱ्यासच उत्तराविषयीं अंधारांत कां ठेवावें, हें येथें उघड झालें. ओस्टेन यांना तें अखेरपर्यंत पटलें नाहीं. १९०९ सालीं ते वारले.