ढगाचं कूळ

आषाढात जव्हारकडच्या वावर गावी डोंगरावर ढग अंगाशी येतात. नाचणी-वरईच्या उतारांवर पाऊस कोसळतो, वाहून जातो, आणि चैत्रात याच पट्ट्यातल्या बाया हंडे घेऊन झऱ्याकडे निघतात. अशा ढगाचं नाव संगणकातल्या माहितीच्या साठवणुकीच्या धंद्याला पडावं, याचं मला नवल वाटतं.

नाव पडलं ते कागदावर. टेलिफोनचे इंजिनिअर जाळ्याचा आराखडा काढत, तेव्हा पलीकडच्या ज्या भागाचा तपशील नको असे तिथे ढग काढत. कॉम्पॅक कंपनीच्या १९९६ च्या अंतर्गत टिपणात 'क्लाऊड कॉम्प्युटिंग' हे जोडनाव आढळतं. ऑगस्ट २००६ मध्ये गूगलचे एरिक श्मिट एका परिषदेत 'क्लाऊड' म्हणाले आणि शब्द सर्वतोमुखी झाला. आपल्या सरकारनं २०१४ मध्ये स्वतःचा क्लाऊड सुरू केला, त्याचं नाव मेघराज. पावसासाठी शेतकरी ज्याला हाक मारतो, तोच.

आता आपल्या धंद्यासाठी क्लाऊड घ्यायचा, तर तो विकणाऱ्या कंपन्यांतलं कोणतं घराणं घ्यावं? लोक दरपत्रकं मांडून बसतात. मी आधी कूळ विचारते. ॲमेझॉन हे मूळचं पुस्तकांचं दुकान. मार्च २००६ मध्ये त्यांनी माहितीच्या कोठाराची जागा भाड्यानं दिली, एका जीबीला महिना १५ सेंट. दुकानदाराची ती सवय आजही आहे: माल अफाट, सगळा सुटा, जुळवणी आपली. मायक्रोसॉफ्ट कचेऱ्यांतून आलेलं. त्यांचं अझूर २०१० मध्ये खुलं झालं आणि जिथे विंडोज, एक्सेलवर कारभार चालतो तिथे ते लवकर रुळतं. गूगल शोधाशोधीत वाढलं, म्हणून प्रचंड माहिती चाळायची तर त्याचा हात धरावा.

आणि ढगालाही जमीन लागते. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईला आपली डेटा केंद्रं उघडली; ॲमेझॉन जून २०१६ मध्ये मुंबईत आलं, गूगल २०१७ मध्ये. त्याआधी इथला हिशेब बहुधा सिंगापूरला राहायचा.

वावरच्याच पट्ट्यातल्या मोखाड्याच्या वाडीत मात्र मुंबईचं केंद्र जवळ असून भागत नाही. रेंज टेकडीवर मिळते. जव्हारच्या मोगऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्यानं म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा: रेंज गेली की नोंदीचं काय होतं? गूगलच्या फायरस्टोअर या डेटाबेसमध्ये, मोबाईल ॲपवर, ती फोनातच थांबते. फुलांची गाडी घाट उतरते, रेंज येते, आणि पहाटेचं वजन केंद्रात जाऊन पोचतं.