मोरचूद, गोचीड आणि खाऱ्या पाण्यातले मासे

मागच्या वर्षी छाटणीच्या धांदलीत पुण्याहून भाच्याचा फोन. "मामा, तुमच्याकडे मोरचूद असेल ना? थोडं पाठवा." म्हटलं, द्राक्षबाग कधी लावलीस? तर त्याच्या घरातल्या समुद्री माशांच्या अंगावर मीठ पेरल्यासारखे पांढरे ठिपके आले होते. पाचातले दोन मेले होते आणि दुकानात औषध मिळत नव्हतं.

पाठवण्याआधी थोडं वाचलं. आपल्या मोरचुदाचा इतिहास फार लांबपर्यंत जातो, म्हणून इथे लिहितोय.

१८८२ मध्ये फ्रान्समधल्या मेडॉक भागात मिलार्डे या प्राध्यापकांना एक गोष्ट दिसली. चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना फासला होता, आणि नेमक्या त्याच वेली केवड्यातून वाचल्या होत्या. १८८५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. तेच आपलं बोर्डो.

माशांची गोष्ट पुढची. मोठ्या शहरांतल्या मत्स्यालयांत समुद्री मासे पटापट मरायचे. १९३१ मध्ये ब्राउन या संशोधकांनी माशांच्या कल्ल्यांवर जगणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीची नोंद केली. अंगावर बारीक भुकटी बसल्यासारखा दिसणारा हा रोग. १९३६ मध्ये न्यूयॉर्क मत्स्यालयातल्या निग्रेलींनी त्याचं जीवनचक्र मांडलं. १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातल्या डेम्पस्टर यांनी त्यावर मोरचुदाचा उपाय लिहिला. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी वेगळा, त्याला आजचं नाव १९५१ मध्ये मिळालं. तांबं त्यालाही लागू पडतं.

पण प्रमाण बघा. आपण १०० लिटरला १ किलो मोरचूद घेतो. माशांना लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तांबं, म्हणजे १०० लिटरला जेमतेम ८० मिलिग्रॅम मोरचूद. चिमूटभरही नाही. जास्त झालं तर मासाच मरतो. कोळंबी, शंख, प्रवाळ तर एवढ्यानेही मरतात. शिवाय टाकीतली प्रवाळाची वाळू आपल्या चुन्याच्याच जातीची, ती तांबं धरून ठेवते. त्यामुळे रोज मोजल्याशिवाय काही खरं नाही. भाच्याच्या टाकीत प्रवाळही होतं, वाळूही होती, आणि मोजायचं साधन नव्हतं. मी मोरचूद पाठवलं नाही.

मग करायचं काय? उत्तर इस्राएलच्या एलात गावात सापडलं. तिथे १९८०च्या दशकात कोलोर्नी यांनी पाळलेल्या समुद्री माशांवर याच ठिपक्यांचा अभ्यास केला. औषधापेक्षा किडीचं वेळापत्रक त्यांनी नीट पाहिलं.

हे गोचिडासारखं आहे. गोचीड रक्त पिऊन गळते आणि गोठ्याच्या फटीत अंडी घालते. नुसती गाय धुऊन भागत नाही. हा परजीवी माशाच्या कातडीत ३ ते ७ दिवस राहतो, मग गळून तळाला चिकटतो, कवच करतो आणि काही दिवसांनी त्यातून शेकडो पिल्लं निघतात. कातडीत किंवा कवचात असताना तांबंही त्याला फारसं काही करत नाही; मोकळी पोहणारी पिल्लं तेवढी मरतात.

म्हणून उपाय असा: दर ३ दिवसांनी मासे स्वच्छ भांड्यात हलवायचे, असं चार वेळा. गळलेले परजीवी जुन्या भांड्यात मागे राहतात, पिल्लं निघायच्या आत मासा तिथून गेलेला असतो.

भाच्याने दोन प्लास्टिकचे टब घेतले. पाण्याचा खारटपणा आणि तापमान सारखं ठेवलं. वापरलेला टब धुऊन कोरडा ठणठणीत वाळवायचा, जाळीसुद्धा. मोठी टाकी अडीच महिने माशांविना ठेवली; यजमानच नाही तर पिल्लं उपाशी मरतात. उरलेल्या तिनातला एक गेला, दोन वाचले. ते दोघं आजही आहेत.

एक सावधगिरी: भुकटीसारख्या दिसणाऱ्या त्या पहिल्या रोगाला ही हलवाहलवी पुरत नाही. आधी रोग ओळखा.

कोकणात समुद्रातल्या पिंजऱ्यात जिताडा पाळणाऱ्यांनाही हा ठिपक्यांचा रोग भेटू शकतो. कुणी पाहिला असेल तर काय केलं ते खाली लिहा.