डिजिटल संदेशात आवाजाचा व्यत्यय : हौशी रेडिओधारकांनी काय करावे?

हौशी बिनतारी संदेशवहन, म्हणजेच हॅम रेडिओ, म्हटले की मायक्रोफोन हातात धरून बोलणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. परंतु गेल्या काही दशकांत या छंदाचे रूप पालटले आहे. रेडिओला संगणक जोडला जातो, मजकूर कळफलकावर टंकला जातो आणि तो बारीक स्वरांच्या रूपाने आकाशात सोडला जातो. पलीकडचा संगणक ते स्वर ऐकून पुन्हा अक्षरे उमटवतो. या डिजिटल पद्धतींना वीज कमी लागते, जागा कमी लागते आणि कानाला ऐकूही न येणारा क्षीण संदेश त्यांना वाचता येतो. अडचण एकच. ज्या लहरींवर हे स्वर धावतात, त्याच लहरींवर माणसेही बोलत असतात. या दोघांची गाठ पडली की संदेश तुटतो.

धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय केवळ छंदापुरता नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूरसह अनेक गावे जमीनदोस्त झाली. हजारो नागरिकांचा बळी गेला. त्या वेळच्या मदतकार्यात हॅम रेडिओधारकांनीही संदेशवहनाचा भार उचलला होता. २००१ चा भूजचा भूकंप आणि २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी या दोन्ही आपत्तींतही त्यांचा उपयोग झाला. आपत्तीच्या काळात औषधांची यादी, रक्तगट, गावांची नावे आणि आकडे अचूक पोहोचणे महत्त्वाचे असते. या कामासाठी लिखित डिजिटल संदेश सोयीचा ठरतो. मात्र त्याच वेळी कोणीतरी मदतीसाठी तोंडी हाका मारत असतो. त्यामुळे आवाज आणि डिजिटल संदेश यांनी एकमेकांना कसे सांभाळावे, हे आधीच ठाऊक असणे आवश्यक आहे.

४० मीटरचा पट्टा का?

हातात धरायच्या व्हीएचएफ संचांच्या लहरी साधारणपणे दृष्टिरेषेत जातात. धाराशिवपासून लातूर आणि सोलापूर सरळ रेषेत ६० किलोमीटरच्या आसपास आहेत. मध्ये बालाघाटच्या डोंगररांगांचे चढउतार असल्याने एवढे अंतरही अशा संचांना उंचावरील पुनर्प्रक्षेपकाशिवाय अवघड जाते. पुणे सरळ रेषेत सुमारे २३० किलोमीटर, हैदराबाद सुमारे २७५, मुंबई सुमारे ३५०, तर नागपूर सुमारे ४५० किलोमीटरवर आहे. या सर्व शहरांशी दिवसा थेट संपर्क साधण्यास ७ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ४० मीटरचा पट्टा उपयुक्त ठरतो. सुमारे २० मीटर लांबीची तार जमिनीपासून सात-आठ मीटर उंचीवर आडवी बांधली, तर लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनांबरावरून परावर्तित होऊन चारही दिशांना काही शे किलोमीटरपर्यंत उतरतात.

या गुणामुळेच हा पट्टा गजबजलेला असतो. सकाळी आणि दिवसा देशातील हौशी मंडळी त्यावर गप्पा मारतात, ठरलेल्या वेळी 'नेट' भरवतात. रात्री आयनांबराची परावर्तनक्षमता घटते, जवळची केंद्रे विरून जातात आणि दूरदेशीचे आवाज ऐकू येऊ लागतात. साहजिकच दिवसाचा व्यत्यय आणि रात्रीचा व्यत्यय यांचे स्वरूप वेगळे असते. दिवसा बोलणारा माणूस शेजारच्या राज्यातील असतो, त्याला विनंती करता येते. रात्रीचा आवाज हजारो किलोमीटरवरचा असू शकतो आणि त्याला आपले अस्तित्वही ठाऊक नसते. अशा वेळी जवळच्या संपर्कासाठी ३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर उतरणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो.

संघर्षाचे मूळ

आशिया खंडात हौशी रेडिओसाठी ४० मीटरचा पट्टा दीर्घकाळ ७.० ते ७.१ मेगाहर्ट्झ एवढाच होता. त्यावरील भाग लघुलहरी प्रसारण केंद्रांकडे होता. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेतील निर्णयानुसार ७.१ ते ७.२ हा भाग प्रसारकांनी मार्च २००९ अखेर मोकळा करावयाचा होता. तोवर मोर्सपासून बोलण्यापर्यंत सर्व व्यवहार त्या शंभर किलोहर्ट्झमध्येच उरकावे लागत. परिणामी ७.०५ ते ७.१ या भागात बोलण्याची सवय पक्की झाली.

एफटी८ ही आजची सर्वाधिक लोकप्रिय डिजिटल पद्धती २०१७ मध्ये आली. १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँक यांनी ती तयार केली. ४० मीटरवर तिचे जगभरचे ठिकाण ७.०७४ मेगाहर्ट्झ असे रूढ झाले, म्हणजे नेमके आपल्याकडील बोलण्याच्या जुन्या जागेत. येथे कोणी कोणावर अतिक्रमण केले, हा वाद निष्फळ आहे. हौशी रेडिओत कोणतीही वारंवारता कोणाच्या मालकीची नसते. आंतरराष्ट्रीय संघटनेने आखलेली पट्ट्यांची विभागणी ही सामंजस्याची योजना आहे.

तबकडीवरचा आकडा फसवा

अनेक तंटे केवळ आकडेमोड न समजल्यामुळे होतात. १० मेगाहर्ट्झच्या खालील पट्ट्यांवर बोलण्यासाठी 'लोअर साइडबँड' वापरण्याचा प्रघात आहे, तर एफटी८सारख्या पद्धती सर्वत्र 'अप्पर साइडबँड' वापरतात. बोलणारा संच तबकडीवरील आकड्याच्या खालची सुमारे अडीच ते तीन किलोहर्ट्झ जागा व्यापतो आणि डिजिटल संच आकड्याच्या वरची.

उदाहरणार्थ, एफटी८चा संच ७.०७४ वर असेल तर त्याचे संदेश साधारण ७.०७४२ ते ७.०७७ या जागेत असतात. एखादा गृहस्थ ७.०७७ वर बोलू लागला, तर आपण तीन किलोहर्ट्झ दूर आहोत असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचा आवाज ७.०७४३ ते ७.०७६७ या जागेत पसरतो, म्हणजे डिजिटल संदेशांच्या डोक्यावरच बसतो. उलट ७.०७४ वर बोलणाऱ्याचा आवाज ७.०७३७ च्या खाली राहतो. त्याचा संच स्वच्छ असेल तर आकडा एकच असूनही प्रत्यक्ष टक्कर होत नाही. तक्रार करण्यापूर्वी हे गणित मांडून पाहिले, तर निम्मा राग निवळतो.

आवाज नेमके काय बिघडवतो?

एफटी८चा एक संदेश केवळ ५० हर्ट्झ जागा घेतो. एका माणसाच्या बोलण्याला लागणाऱ्या जागेत असे जवळपास पन्नास संदेश बसतात. गोंगाट संदेशाच्या शंभरपटींहून अधिक असला तरी संगणक तो वाचू शकतो. ७७ बिटांच्या मूळ संदेशाला दुरुस्तीसाठी जादा बिटे जोडून १७४ बिटे पाठवली जातात, हे त्यामागचे रहस्य. बोलण्यात शब्दाशब्दांत विराम असतात. त्या फटींतून निसटलेल्या स्वरांवरूनही संदेश पुन्हा जुळवता येतो.

मग संदेश का हरवतात? खरा अपराधी बहुधा ग्राहक संचातील स्वयंचलित ध्वनिनियंत्रण असते. जवळचा बलवान आवाज आला की संच आपली संवेदनक्षमता आपोआप कमी करतो. बोलणारा थांबला तरी ती पूर्ववत होण्यास क्षणभर लागतो आणि तेवढ्यात क्षीण स्वर बुडून जातात.

पीएसके३१ या १९९८ मध्ये प्रसार पावलेल्या पद्धतीत, तिच्या नेहमीच्या रूपात, दुरुस्तीची अशी सोयच नाही. तेथे आवाजाचा एक फटका म्हणजे एक-दोन अक्षरांचा बळी. गप्पांत ते चालते. औषधाच्या बाटल्यांच्या संख्येतील एक शून्य गळाले तर मात्र चालत नाही.

संचावर करावयाचे उपाय

पहिला उपाय स्वयंचलित ध्वनिनियंत्रण बंद करण्याचा किंवा 'फास्ट' वर ठेवण्याचा. त्याच्या जोडीला आरएफ गेन कमी करावा, गरज पडल्यास अ‍ॅटेन्युएटर लावावा. गोंगाटाची पातळी खाली आली तरी संदेश आणि गोंगाट यांचे गुणोत्तर फारसे बिघडत नाही.

दुसरा उपाय अरुंद फिल्टरचा. विशिष्ट केंद्राशी संपर्क चालू असेल तर संचातील ५०० हर्ट्झचा फिल्टर त्या स्वरावर आणून ठेवावा. हा फिल्टर संचातलाच हवा. संगणकातील फिल्टर लावेपर्यंत बलवान आवाजाने संचाला आधीच दाबून टाकलेले असते.

तिसरी गोष्ट न करण्याची. ऑटो नॉच आणि नॉइज रिडक्शन या सोयी बोलणे ऐकताना उपयोगी पडतात. पण सलग स्वर म्हणजे उपद्रव, असे त्या धरून चालतात आणि डिजिटल संदेशच खोडू लागतात. त्या बंद ठेवाव्यात.

चौथा उपाय जागा बदलण्याचा. संगणकाच्या पडद्यावरील 'वॉटरफॉल' चित्रात डिजिटल संदेश बारीक, सरळ रेघांसारखे दिसतात, तर माणसाचा आवाज रुंद, तुटक पट्ट्यांसारखा. रिकामी जागा पाहून आपला प्रसारणाचा स्वर तेथे न्यावा.

शक्ती वाढवणे हा उपाय नव्हे. व्यत्यय ऐकणाऱ्याच्या ठिकाणी होतो, पाठवणाऱ्याच्या नव्हे. आपल्याकडे आवाज येत असेल तर आपण शक्ती वाढवून आपले ऐकणे सुधारत नाही, दुसऱ्या कोणाचे बोलणे मात्र बिघडवतो.

स्वतःच्याच घरातला आवाज

आवाजाचा व्यत्यय दर वेळी बाहेरूनच येतो असे नाही. संचाचा मायक्रोफोन चालू राहिला तर डिजिटल स्वरांसोबत घरातील संभाषण, दूरदर्शन संचाचा आवाज, कुकरची शिट्टी सारेच प्रसारित होते. व्हॉक्स ही आवाजाने आपोआप प्रसारण सुरू करणारी सोय चालू असेल तर धोका अधिक. यासाठी संच 'डेटा' स्थितीत ठेवावा, संगणक मागील बाजूच्या डेटा किंवा यूएसबी जोडणीतून जोडावा, व्हॉक्स आणि स्पीच कॉम्प्रेसर बंद करावेत. संगणकाच्या सूचनांचे आवाज रेडिओकडे न जाता वेगळ्या ध्वनिक्षेपकाकडे वळवावेत. प्रसारणाची ध्वनिपातळी एएलसीचा काटा हलणार नाही इतकीच ठेवावी. ती वाढली की आपला बारीक स्वर पसरतो आणि शेजारी बोलणाऱ्याच्या कानात घुसतो.

आधी कान, मग कळफलक

डिजिटल पद्धतीचा सर्वांत मोठा दोष तांत्रिक नाही. संगणकाला माणसाचे बोलणे समजत नाही. एफटी८मध्ये १५ सेकंदांच्या प्रत्येक पाळीत १२.६४ सेकंद प्रसारण चालते आणि तेवढा वेळ प्रसारण करणारा बहिरा असतो. उरलेल्या पाळीत संगणक ऐकतो, पण ध्वनिक्षेपक बंद करून पडद्याकडे पाहत बसलेल्या माणसाला तेथे कोणी मदत मागत असल्याचा पत्ता लागत नाही. म्हणून प्रसारणापूर्वी किमान मिनिटभर प्रत्यक्ष कानांनी ऐकावे, ध्वनिक्षेपक चालू ठेवावा आणि सतत हाका देताना अधूनमधून एखादी पाळी सोडावी. कोणी बोलत असेल तर मायक्रोफोन उचलून, आपले संकेतनाम सांगून सौजन्याने बोलावे. दोन्ही बाजूंकडे मायक्रोफोन असतो, याचा अनेकांना विसर पडतो.

हौशी केंद्राचा परवाना केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाचा डब्ल्यूपीसी विभाग परीक्षेनंतर देतो. परवानाधारकाने हेतुपुरस्सर व्यत्यय आणणे हा नियमभंग आहे. विनापरवाना बोलणारे आढळल्यास त्यांच्याशी वाद घालू नये. दिनांक, वेळ, वारंवारता आणि भाषा यांची नोंद करून ती संबंधित यंत्रणेकडे द्यावी.

आपत्तीच्या वेळी

आपत्तीत पद्धती निवडतानाच व्यत्ययाचा विचार व्हावा. एफटी८मध्ये मुक्त मजकूर एका वेळी १३ अक्षरांपुरताच पाठवता येतो, त्यामुळे मदतकार्यातील यादीसाठी ती निरुपयोगी आहे. ऑलिव्हियासारखी दुरुस्तीक्षम पद्धती संथ असली तरी आवाजाच्या गर्दीत टिकते. एफएलमेसेजसारख्या प्रणालीत संदेशासोबत पडताळणीचा आकडा जातो आणि मजकुरात एका अक्षराचा फरक पडला तरी लक्षात येतो.

आशिया-प्रशांत विभागात आपत्कालीन संपर्कासाठी ३.६००, ७.११० आणि १४.३०० मेगाहर्ट्झ ही केंद्रे सुचवलेली आहेत. त्या जागी व आसपास डिजिटल प्रसारण टाळावे. तोंडी नेटवर हाक द्यावी, यादी पाठवावयाची असल्यास नियंत्रकाला सांगून काही किलोहर्ट्झ बाजूला जावे आणि काम संपताच परत यावे. तातडीची हाक आवाजाने आणि तपशील डिजिटल पद्धतीने, अशी वाटणी केली की दोघांचा मार्ग मोकळा राहतो. ही वाटणी संकटाच्या दिवशी ठरवता येत नाही. तिचा सराव शांततेच्या काळातच व्हावा लागतो.