गोखले, कमलाबाई

(जन्म 1900). मराठी रंगभूमीवरील अभिनेत्री आणि भारतीय चित्रपटात काम करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक. माहेरच्या कामत. आई दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि लेकीला घेऊन नाटकधंद्यात आल्या, त्यामुळे कमलाबाईंचे बालपण कंपनीच्या बिऱ्हाडातच गेले. पती रघुनाथराव गोखले हेही नाटकवाले. चित्ताकर्षक नाटक मंडळी ही त्यांची कंपनी. पुत्र चंद्रकांत गोखले (1921–2008) यांचा जन्म मिरजेचा. नातू विक्रम गोखले.

दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी (1913) तारामती करायला एकही बाई मिळाली नाही. शेवटी अण्णा साळुंके या हॉटेलातल्या तरुण आचाऱ्याला लुगडे नेसवावे लागले. (हेच साळुंके पुढे फाळक्यांचे छायाचित्रकारही झाले.) त्याच वर्षी नाशिकला चित्रित झालेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांची कमला मोहिनी. प्रतिष्ठित घरांनी ज्या कामाकडे पाठ फिरवली, ते या मायलेकींनी उजळ माथ्याने केले. त्यांचे धैर्य मोठेच म्हटले पाहिजे.

मोहिनी टिपली ती त्र्यंबक तेलंग यांनी. तेलंग फाळक्यांचे स्नेही. कॅमेरा चालवायला त्यांना फाळक्यांनीच शिकवले. फाळक्यांनी लंडनहून आणलेला विल्यम्सन कॅमेरा लाकडी पेटीचा. मूठ हाताने फिरवायची, वेग मनात मोजायचा. हात अडखळला की पडद्यावरचे माणूस धावू लागे किंवा रेंगाळे. उजेड उन्हाचाच. त्या काळची फिल्म निळा रंग पटकन पकडी, तांबड्याला मात्र जवळजवळ आंधळी असे. कुंकू आणि रंगवलेले ओठ त्यामुळे पडद्यावर काळेच उमटत. नटीचा चेहरा दिसावा कसा हे ठरवण्यात तेलंगांसारख्यांचा हात होता, तरी चित्रपटाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येते. हा अन्याय आहे.

‘मोहिनी भस्मासुर’ची पूर्ण प्रत उपलब्ध नाही. त्या काळच्या नायट्रेटच्या फिती चटकन पेट घेत आणि न जळल्या तरी कालांतराने कुजत. 2003 साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत अशा कितीतरी जुन्या फिती नष्ट झाल्या.

कमलाबाईंची खरी हयात मात्र रंगभूमीवर गेली. पुरुष स्त्री-भूमिका करत आणि त्यातच रसिकता मानली जाई, त्या काळात या बाईंनी पुरुष-भूमिकाही गाजवल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आले. तीन मुलगे पदरात. त्यांना वाढवले ते तोंडाला रंग लावूनच. चंद्रकांत नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबलावादक. अधूनमधून चित्रपटही केले. ‘गहराई’ (1980) हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी.

नव्वदीला टेकलेल्या कमलाबाई पुन्हा कॅमेऱ्यासमोर आल्या त्या रीना मोहन यांच्या ‘कमलाबाई’ या माहितीपटात. छायाचित्रण रंजन पालित यांचे. पदार्पणाच्या माहितीपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. इथे आजीबाई बोलतात, जुन्या नाटकांतले उतारे म्हणतात, कॅमेऱ्याला न बुजता. तेलंगांच्या मूकपटात जिचा आवाज मावणे शक्यच नव्हते, तिचा आवाज शेवटी पालितांच्या चित्रणासोबत राहिला. या दोन कॅमेऱ्यांमध्ये पाऊणशे वर्षांहून अधिक अंतर आहे आणि बाई दोन्हींसमोर सारख्याच निर्भय आहेत. प्रस्तुत नोंदकाराच्या मते मराठी अभिनेत्रीचे इतके मोलाचे चित्रण दुसरे नाही.

जुन्या फितींप्रमाणे रंगभूमीच्या खुणाही जपायला हव्यात. मराठी नाटकाचा आरंभच सांगलीचा: विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ तिथेच केले. सांगली, मिरज, साताऱ्याच्या जुन्या वाड्यांतून नाटक मंडळ्यांचे समूहफोटो अजूनही भिंतींवर, पेट्यांत पडून असतात. घर पाडताना ते रद्दीत घालू नयेत. फोटोतली माणसे ओळखणारे कुणी घरात असेल तोवर मागे पेन्सिलीने नावे लिहून ठेवावीत, फोटोग्राफरचा शिक्का असेल तर त्याचीही नोंद करावी, आणि जपणे जमत नसेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा गावातल्या जुन्या ग्रंथालयाला विचारावे.