बडोद्याचा करारनामा आणि युरोपचा विद्यार्थी व्हिसा: प्रवेशपत्र हाती आल्यानंतरची वाट

4 जून 1913 रोजी बडोदे संस्थानाच्या शिक्षण खात्यात भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराने एका करारनाम्यावर सही केली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, अशा त्यातील अटी होत्या. त्या बदल्यात श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या दरबाराकडून दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळणार होती. परदेशी शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याची त्या काळातील खरी कागदपत्रे म्हणजे हा करारनामा आणि बोटीचे तिकीट. पहिल्या महायुद्धापूर्वी बहुतेक देशांत पासपोर्टाचीदेखील सक्ती नव्हती. व्हिसा आणि वास्तव्य परवाना ही व्यवस्था रूढ झाली ती त्या युद्धानंतर.

गोमंतकीय वाचकाला बडोद्याच्या दरबाराची ओळख आणखी एका कारणाने असते. साखवाळच्या धर्मानंद कोसंबी यांना याच सयाजीरावांनी दरमहा पन्नास रुपयांचे वेतन दिले होते. त्यासाठी कोसंबींनी कलकत्त्याची अडीचशे रुपयांची नोकरी सोडली आणि पुढे 1910 मध्ये ते हार्वर्डला गेले. आजही बडोदे हे गुजरातेतील मराठी कुटुंबांचे मोठे केंद्र आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून दरवर्षी अनेक विद्यार्थी युरोपची वाट धरतात आणि अलकापुरी परिसरात व्हिसा सल्लागारांच्या पाट्यांची दाटी दिसते. जर्मनीपुरते पाहिल्यास गोवा आणि गुजरात ही दोन्ही राज्ये मुंबईतील जर्मन महावाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येतात. त्यामुळे बडोद्याच्या विद्यार्थ्याला ज्या अडचणी येतात, त्या म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या विद्यार्थ्यालाही चुकत नाहीत.

आंबेडकरांची पुढची कथा या विषयाला फार जवळची आहे. 1916 मध्ये ते लंडनला गेले, तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव नोंदवले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. येताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून एक गोष्ट मात्र मिळवली होती, ती म्हणजे चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी. करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले. तेथे अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना, पारशी विश्रामगृहातून बाहेर काढण्यात आले, आणि आज ज्याला सयाजीबाग म्हणतात त्या उद्यानात काही तास बसून त्यांनी शहर सोडले. त्या जागी आता संकल्पभूमी हे स्मारक आहे. 1920 मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला पोहोचले. चार वर्षांची ती लेखी परवानगी नसती, तर पैसे जमवूनही दार बंद मिळाले असते.

कशासाठी जाणार, किती काळ राहणार आणि खर्च कोण करणार, हे तीन प्रश्न 1913 च्या करारनाम्यात होते. आज ते दूतावासाच्या अर्जात असतात. फरक इतकाच, की आता ते दोनदा विचारले जातात. आणि दुसऱ्यांदा विचारले जातात तेव्हा विद्यार्थी घरापासून हजारो किलोमीटर दूर असतो.

व्हिसा आणि परवाना या दोन स्वतंत्र गोष्टी

आपल्याकडे 'व्हिसा मिळाला' म्हणजे सगळे झाले, असा समज आहे. विद्यापीठाचे प्रवेशपत्र ही केवळ विद्यापीठाची संमती असते. व्हिसा ही त्या देशाच्या दूतावासाने दिलेली प्रवेशाची परवानगी. तीन महिन्यांहून अधिक काळाच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय म्हणजे 'डी' वर्गाचा व्हिसा लागतो. पर्यटनाचा शेंगेन व्हिसा चालत नाही, आणि पर्यटक म्हणून जाऊन तेथे विद्यार्थी होण्याची सोय भारतीयांना सहसा नसते. हा व्हिसा अनेक देशांत काही महिन्यांपुरताच असतो. तेथे पोहोचल्यावर स्थानिक परकीय नागरिक कार्यालयाकडून वास्तव्य परवाना घ्यावा लागतो, आणि विद्यार्थ्याचे पुढचे सगळे वास्तव्य त्या परवान्यावर अवलंबून असते.

युरोपीय संघाच्या 2016 च्या 801 क्रमांकाच्या निर्देशामुळे बहुतेक सदस्य देशांत काही किमान हक्क समान झाले आहेत. विद्यार्थ्याला आठवड्याला निदान 15 तास काम करता आले पाहिजे आणि पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी निदान नऊ महिने मिळाले पाहिजेत. डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशाबाहेर आहेत. बाकी नियम प्रत्येक देश स्वतः ठरवतो.

जर्मनी: पायरीपायरीने

गेल्या काही वर्षांत भारतीय विद्यार्थ्यांचा ओढा जर्मनीकडे वाढला आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, हे त्याचे उघड कारण. म्हणून जर्मनीची प्रक्रिया जरा सविस्तर पाहू.

पहिली पायरी 'एपीएस' प्रमाणपत्राची. 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय अर्जदारांना व्हिसासाठी ते आवश्यक झाले. दिल्लीतील हे कार्यालय विद्यार्थ्याची गुणपत्रके आणि पदव्या खऱ्या आहेत का, हे तपासते. काही शिष्यवृत्तिधारकांना यातून सूट आहे. प्रवेशाचा अर्ज करण्याआधीच हे प्रमाणपत्र मागवलेले बरे, कारण अनेक विद्यापीठेही ते मागतात.

दुसरी पायरी पैशांची. सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 11,904 युरो, म्हणजे दरमहा 992 युरो, इतकी तरतूद दाखवावी लागते. ही रक्कम बहुधा 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये ठेवली जाते. या खात्यातून विद्यार्थ्याला दरमहा ठरलेला हप्ताच काढता येतो. आपल्या चलनात हा आकडा बारा लाख रुपयांच्या घरात जातो. नातेवाइकांकडून चार दिवसांसाठी रक्कम घेऊन बँकेची शिल्लक फुगवण्याची जी युक्ती काही दलाल सुचवतात, ती येथे उपयोगी पडत नाही. पैसे खरोखर अडकतात आणि वर्षभर थोडेथोडे बाहेर येतात. शिष्यवृत्ती किंवा जर्मनीतील व्यक्तीचे अधिकृत हमीपत्र हे पर्याय आहेत, पण ते थोड्यांनाच लागू पडतात. रकमेचा आकडा अधूनमधून बदलतो, म्हणून खाते उघडण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावरील ताजा आकडा पाहावा.

तिसरी बाब नावाची. ती क्षुल्लक वाटते, पण बडोद्याच्या आणि आपल्याकडच्याही विद्यार्थ्यांना छळते. गुजरात आणि महाराष्ट्रातील गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टावर आडनावाचा रकाना वेगळा असतो. वडिलांचे नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, 'देसाई'चे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचे आहे, असे आढळले की खुलासा मागितला जातो. तो ऐन मुदतीत देण्यापेक्षा पासपोर्ट काढतानाच कागद एकसारखे करून घ्यावेत.

आणखी एक गैरसमज 'अपोस्टिल'चा. परराष्ट्र मंत्रालयाचा हा शिक्का फ्रान्स, इटली, पोर्तुगाल आदी देशांत चालतो. जर्मनीने मात्र या करारातील भारताच्या सहभागाला हरकत घेतलेली असल्याने तेथे भारतीय कागदांवरील अपोस्टिलला तो मान नाही. जर्मनीला जाणाऱ्याने दलालाच्या सांगण्यावरून त्यावर पैसे घालवण्याआधी दूतावासाची यादी वाचावी.

अर्ज नाकारला गेल्यास काय, हा प्रश्न पालक सहसा उशिरा विचारतात. पूर्वी दूतावासाकडेच लेखी फेरविचार मागता येत असे आणि तो विनाशुल्क होता. 1 जुलै 2025 पासून जर्मनीने ही सोय जगभर बंद केली. आता नवा अर्ज करणे किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागणे, एवढेच मार्ग उरले आहेत. सत्र सुरू होण्याची तारीख समोर असलेल्या विद्यार्थ्याला न्यायालयाची वाट व्यवहारात फारशी उपयोगाची नाही. साहजिकच पहिलाच अर्ज पूर्ण असण्याला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

जर्मनीत उतरल्यावर घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीवर बँकेपासून परवान्यापर्यंत बरेच काही अवलंबून असते. म्हणून नोंदणी करू न देणाऱ्या घरमालकाची स्वस्त खोली अखेर महाग पडते. आरोग्य विमा अनिवार्य आहे. त्यानंतर परकीय नागरिक कार्यालयात वास्तव्य परवान्याचा अर्ज करायचा. मोठ्या शहरांत या कार्यालयाची भेटीची वेळ मिळायला महिने लागतात. येथे एक नियम नीट लक्षात ठेवावा: व्हिसाची किंवा जुन्या परवान्याची मुदत संपण्यापूर्वी अर्ज दाखल झालेला असेल, तर निर्णय होईपर्यंत वास्तव्य कायदेशीर राहते आणि तसे तात्पुरते प्रमाणपत्र मिळते. एक दिवस उशीर झाला, तर हे संरक्षण कार्यालयाच्या मर्जीवर जाते. दिवाळीला घरी यायचे तिकीट काढण्यापूर्वी आपल्या हातातील कागदावर परत प्रवेश मिळेल का, हे त्या कार्यालयालाच विचारावे.

काम करण्याची मर्यादा मार्च 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस अशी आहे. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी 18 महिन्यांपर्यंतचा परवाना मिळू शकतो.

'शिकणे' म्हणजे नेमके काय?

2025 मध्ये बर्लिनमधून आलेल्या एका बातमीने अनेक भारतीय घरांची झोप उडवली. तेथील एका खासगी विद्यापीठाचा अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गांऐवजी मुख्यतः ऑनलाइन चालतो, त्यामुळे जर्मनीत राहण्याची गरजच उरत नाही, असे स्थानिक परकीय नागरिक कार्यालयाने ठरवले. लाखो रुपये भरून गेलेल्या काही भारतीय विद्यार्थ्यांना देश सोडण्याचे आदेश मिळाले. त्यांना व्हिसा देताना दूतावासाने हरकत घेतलेली नव्हती. व्हिसा आणि परवाना वेगवेगळे असतात याचा अर्थ त्यांना असा, कर्ज डोक्यावर असताना समजला.

विद्यार्थी परवाना प्रत्यक्ष उपस्थितीच्या पूर्णवेळ शिक्षणासाठी असतो. शुल्क भरण्यापूर्वी आठवड्याला वर्गात किती तास, कोणत्या शहरात, याचे लेखी उत्तर विद्यापीठाकडून घ्यावे. दलालाचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे उत्तर हे उत्तर नव्हे. अभ्यासक्रम किंवा विद्यापीठ मध्येच बदलायचे असल्यास तेही परकीय नागरिक कार्यालयाला आधी कळवावे. आंबेडकरांनीही 1921 मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते, तो अभ्यास पुढे पुरा झाला नाही आणि त्यामुळे त्यांचे फारसे बिघडले नाही. आजच्या विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी झाले, की परवान्याचा आधारच निघतो.

इतर देश थोडक्यात

फ्रान्सची प्रक्रिया 'कॅम्पस फ्रान्स'च्या ऑनलाइन नोंदणीपासून सुरू होते आणि दरमहा 615 युरोंची तरतूद दाखवावी लागते. तेथे दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसाच पहिल्या वर्षी वास्तव्य परवान्याचे काम करतो, मात्र पोहोचल्यापासून तीन महिन्यांत तो ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. हे राहून गेलेले विद्यार्थी दरवर्षी सापडतात. वर्षाला 964 तास काम करता येते.

इटलीत उतरल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत परवान्याचा अर्ज टपाल कार्यालयातून पाठवायचा असतो. मिळालेली पावती कार्ड येईपर्यंत जपून ठेवावी, पण तिच्यावर इतर शेंगेन देशांत प्रवेश मिळेलच असे धरू नये. नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्याच्या वतीने विद्यापीठच अर्ज करते. ही सोय मोठी आहे. तिची दुसरी बाजू अशी, की वर्षाच्या निम्म्या श्रेयांकांइतकी प्रगती झाली नाही, तर सबळ कारण नसल्यास तेच विद्यापीठ सरकारला तसे कळवते. आयर्लंड युरोपीय संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही, आणि ब्रिटन आता दोहोंतही नाही. त्यामुळे डब्लिनच्या परवान्यावर पॅरिसला जाता येत नाही. याउलट जर्मन किंवा फ्रेंच परवाना असलेल्या विद्यार्थ्याला इतर शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येते. तेथे नोकरी मात्र करता येत नाही.

गोव्यासाठी शेवटी एक वेगळा मुद्दा. पोर्तुगालचे महावाणिज्य दूतावास पणजीतच आहे आणि 1961 पूर्वीच्या जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेली कुटुंबे आपल्या आसपास आहेत. असा विद्यार्थी युरोपीय संघाचा नागरिक म्हणून व्हिसाविना कोणत्याही सदस्य देशात शिकू शकतो आणि अनेक ठिकाणी त्याला शुल्कही कमी पडते. पण तीन महिन्यांहून अधिक राहण्यासाठी प्रवेश, आरोग्य विमा आणि पुरेसा पैसा या अटी त्यालाही आहेतच. शिवाय पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. पुढे भारतात येण्यासाठी त्याला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागते, आणि त्याचा अर्ज भारतीय पासपोर्टासंबंधीची पूर्तता केल्याशिवाय पुढे सरकत नाही.