चिनी कोशातील ‘पू-शौ’ : अर्थ, क्रम आणि अध्ययन

चिनी लेखनाच्या अध्ययनास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे बहुधा प्रथम २१४ चिन्हांची एक सूची ठेवली जाते. माणूस, स्त्री, जल, अग्नी, काष्ठ, धातू, वाणी, हृदय अशी ही चिन्हे. आणि सर्व चिनी अक्षरे त्यांच्यापासूनच उत्पन्न झाली आहेत, अशी त्याची समजूत करून देण्यात येते. युरोपीय पंडितांनी या चिन्हांस ‘मूळ’ या अर्थाची संज्ञा दिली आणि तिचे भाषांतर ‘धातू’ असे करण्याचा मोह संस्कृतज्ञास सहज होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही संज्ञाच अनेक घोटाळ्यांचे कारण आहे.

चिनी शब्द ‘पू-शौ’ असा आहे. ‘पू’ म्हणजे विभाग आणि ‘शौ’ म्हणजे मस्तक. अर्थात विभागाच्या शिरोभागी असलेले अक्षर. (रोमन लेखनात या ‘पू’साठी ‘बी’ हे अक्षर योजतात, परंतु उच्चार अल्पप्राण ‘प’चा आहे. चिनीतील अल्पप्राण-महाप्राण भेद देवनागरीत अधिक नेमका उतरतो, म्हणून येथे तीच पद्धती स्वीकारली आहे.) आपल्याकडील धातुपाठाचे स्मरण येथे उपयोगी पडेल. भ्वादिगणास ते नाव ‘भू’ हा त्यातील पहिला धातू म्हणून मिळाले. ‘पठ्’ अथवा ‘पच्’ हे ‘भू’पासून निघाले, असे कोणी म्हणत नाही. पू-शौ हेही असेच गणमुख होय. तथापि भ्वादिगणातील धातूंत विकरणाचे साम्य असते, तसे चिनी गणातील अक्षरांत कशाचे साम्य असते, हा प्रश्न उरतोच; आणि त्याचे उत्तर सर्व काळी एकच नव्हते.

गणमुखांची कल्पना प्रथम श्यू शन याच्या ‘श्वो-वन च्ये-त्स’ या कोशात दिसते. हा कोश इ. स. १०० मध्ये सिद्ध झाला आणि १२१ मध्ये ग्रंथकाराच्या पुत्राने तो सम्राटास सादर केला. त्यात ९,३५३ अक्षरे ५४० गणांत विभागली आहेत. पहिला गण ‘एक’ या अंकाचा व शेवटचा द्वादश कालचिन्हांपैकी अंतिम चिन्हाचा. म्हणजे विश्वाच्या आरंभापासून कालचक्राच्या समाप्तीपर्यंतचा क्रम ग्रंथकाराच्या मनात होता. शब्द लवकर सापडावा, हा त्याचा हेतू नव्हता. ‘तीन’ या गणात तर त्या अंकावाचून दुसरे अक्षरच नाही. कोशाच्या दृष्टीने असा गण निरुपयोगी. पण श्यू शनला जे सांगावयाचे होते, त्यात ‘तीन’ला स्वतंत्र स्थान आवश्यक होते.

त्याला सांगावयाचे काय होते, हे त्याच्या ग्रंथान्तीच्या निवेदनावरून कळते. तत्कालीन लोक प्रचलित वळणाच्या अक्षरांचे मनास येतील तसे तुकडे पाडून त्यांचे अर्थ लावीत, अशी त्याची तक्रार आहे. ही केवळ पंडिती कुरबुर नव्हे. न्यायाधिकारीदेखील याच रीतीने कायद्याचा अर्थ करीत. लोकांस धाक दाखवून पैसा उकळण्याविषयीच्या नियमातील एक अक्षर त्यांनी ‘थांबणे’ आणि ‘आकडा’ असे फोडल्याचे उदाहरण श्यू शनने दिले आहे. वस्तुतः त्या अक्षरात वरती ‘तृण’ हे अर्थचिन्ह असून खालचा भाग केवळ ध्वनी दाखवितो. अक्षराच्या चुकीच्या विग्रहावर मनुष्याचा दंड ठरत असे, तेव्हा योग्य विग्रहाचे शास्त्र आवश्यक झाले. आज ‘स्मरणास सोयीच्या’ म्हणून ज्या कल्पित कथा विद्यार्थ्यांस शिकविल्या जातात, त्या श्यू शनने निषेधिलेल्या जातीच्याच आहेत.

अर्थात त्याचेही सर्व विग्रह टिकलेले नाहीत. ‘करणे’ या अर्थाचे ‘वेइ’ हे अक्षर त्याने वानरीचे चित्र मानले. १८९९ पासून अभ्यासकांच्या दृष्टीस पडलेल्या अस्थिलेखांत मात्र हे अक्षर हत्तीच्या सोंडेपाशी असलेला हात दाखविते. आन्यांग येथील उत्खननांत हत्तींचे अवशेषही मिळाले आहेत. श्यू शनपुढे ही प्राचीन रूपे नव्हती; त्याने हाती असलेल्या रूपांवरून तर्क केला.

श्यू शनच्या कोशात इष्ट अक्षर शोधणे विद्वानांसही कठीण जाई. दहाव्या शतकात श्यू खाय याने त्यातील अक्षरे यमकक्रमाने लावून दिली, यातच सर्व आले. ९९७ मध्ये ल्याव राज्यातील शिंग-च्यून या बौद्ध भिक्षूने त्रिपिटकाच्या वाचकांसाठी रचलेल्या कोशात २६,००० हून अधिक अक्षरे असून गणमुखे २४२ आहेत, आणि तीही चार स्वराघातांच्या क्रमाने लावलेली आहेत. हस्तलिखितातील अनोळखी अक्षर ओळखणे, ही या भिक्षूची नित्याची गरज होती. गणांची संख्या निम्म्याहून कमी होण्यामागे हीच गरज दिसते.

निर्णायक बदल १६१५ मध्ये मेइ यिंग-त्स्वो याने केला. त्याच्या ‘त्स-ह्वेइ’ या कोशात ३३,१७९ अक्षरे २१४ गणांत आली. एका रेषेच्या गणमुखापासून सतरा रेषांच्या गणमुखापर्यंत चढता क्रम, आणि प्रत्येक गणात उरलेल्या रेषांच्या संख्येचा क्रम, अशी ही योजना होय. १७१६ च्या खांग-शी कोशाने, ज्यात ४७,०३५ अक्षरे आहेत, तीच स्वीकारल्यामुळे २१४ हा आकडा रूढ झाला. परंतु या सोयीचे मूल्य द्यावे लागले. ‘पाकोळी’ या अर्थाच्या अक्षराचे शेपूट चार ठिपक्यांचे. ‘अग्नी’ हे चिन्हही अक्षराच्या तळाशी आले म्हणजे चार ठिपक्यांचेच होते. म्हणून पाकोळी अग्नीच्या गणात गेली! वर उल्लेखिलेल्या ‘वेइ’ची तर दोन रूपे दोन गणांत पडली : एक नखराच्या, दुसरे अग्नीच्या. यातून अग्नीचा अर्थ काढू पाहणारा विद्यार्थी फसणारच.

एक उदाहरण अधिक विस्ताराने पाहू. ‘कन’ या गणमुखाखाली खांग-शी कोशात केवळ पाच अक्षरे आहेत, तर ‘तृण’ या गणमुखाखाली सुमारे १,९००. सूची पाठ करणाऱ्यास दोहोंचे मोल सारखेच वाटते. परंतु हेच ‘कन’ ध्वनिवाचक म्हणून घेतले की त्याचे खरे सामर्थ्य दिसते. काष्ठासह ते ‘कन’, म्हणजे वृक्षाचे मूळ. हृदयासह ‘हन’, म्हणजे द्वेष. धातूसह ‘यिन’, म्हणजे रुपे. नेत्रासह ‘येन’, म्हणजे डोळा. आज उच्चार दूर गेलेले दिसतात, तरी प्राचीन चिनीत ते निकट होते. ‘छिंग’ (हिरवा-निळा वर्ण) हे चिन्ह जलासह निर्मळ, सूर्यासह निरभ्र, हृदयासह भावना, वाणीसह विनंती असे अर्थ देते आणि उच्चार, स्वराघात वगळता, ‘छिंग’च राहतो. चिनी अक्षरांपैकी बहुसंख्य अशी द्विदल आहेत : एक दल अर्थाचे, एक ध्वनीचे. गणमुखांची पद्धती पहिल्या दलाचीच सूची करते. दुसऱ्या दलाच्या आधारे कोश रचण्याचे प्रयत्नही झाले. १८३३ मध्ये चू च्युन-शंग याने, १८४१ मध्ये मकाव येथे कालेरी याने व १९४० मध्ये कार्लग्रेन याने अशा रचना केल्या. पण नवशिक्याच्या हाती त्या क्वचितच पडतात.

भारतीय शब्द चिनीत गेले, त्या वेळी ही दोन्ही दले कशी कार्य करीत होती, हे आपल्या विद्यार्थ्यांस विशेष उद्बोधक होईल. स्तूपासाठी योजलेल्या ‘था’ या अक्षरात मृत्तिका हे अर्थचिन्ह आहे. मध्ययुगीन उच्चारात त्याच्या अंती ‘प्’ होता, हे ध्यानी घेता पालीतील ‘थूप’ समोर येते. काषायाच्या ‘च्या-शा’ या दोन्ही अक्षरांत तळाशी वस्त्राचे चिन्ह बसविले आहे. माराच्या अक्षरात भुताचे चिन्ह आहे. क्षमेवरून आलेल्या पापदेशनेच्या अक्षरात हृदय आहे. सर्वांत मौजेचे भिक्षापात्र : ‘पात्र’ या शब्दावरून आलेले अक्षर कोणी धातूचे चिन्ह देऊन लिहितो, कोणी मातीच्या भांड्याचे. ध्वनी परदेशी, परंतु पदार्थ कोणत्या वर्गातला हे लेखक आपल्या समजुतीने ठरवितो. येथे गणमुख हे शब्दाचे मूळ नसून त्याचे वर्गीकरण आहे, हे प्रत्यक्ष दिसते.

मराठी अभ्यासक चिनीकडे वळले, ते मुख्यतः अशाच ग्रंथांसाठी. मूळ भारतीय संहिता लुप्त झालेल्या ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथाच्या सहाव्या शतकातील चिनी अनुवादाची ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना करणारा डॉ. पु. वि. बापट यांचा ग्रंथ १९३७ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाला. अशा कामास जपानमध्ये १९२४ ते १९३४ या काळात मुद्रित झालेले ताइशो त्रिपिटक लागते आणि त्यातील अक्षरे पारंपरिक वळणाची आहेत. चीनमध्ये १९५६ च्या योजनेनंतर अनेक अक्षरे संक्षिप्त झाली. वाणीचे चिन्ह डावीकडे आले असता सात रेषांऐवजी दोन रेषांत लिहिले जाऊ लागले. साहजिकच गणांचीही पुनर्रचना झाली आणि २००९ च्या शासकीय मानकात मुख्य गणमुखे २०१ ठरली. उलट संगणकाच्या ‘युनिकोड’ या संकेतात चिनी अक्षरांचा मूळ क्रम खांग-शीच्या २१४ गणांनुसारच आहे.

म्हणून सूची द्यावयाचीच तर पूर्ण देऊ नये, असे सुचवावेसे वाटते. जल, तृण, काष्ठ, हस्त, मुख, हृदय, वाणी, धातू, वस्त्र, रेशीम यांसारखी पन्नास-साठ फलद्रूप गणमुखे प्रथम घ्यावीत आणि त्यांच्याबरोबरच तितकीच ध्वनिदले शिकवावीत. सूर्य, हृदय आणि जल यांच्या गणांत विखुरलेली ‘छिंग’ची अक्षरे विद्यार्थ्याने आपल्या वहीत एका पानावर आणावीत. उरलेली दीडशे गणमुखे कोश चाळता चाळता परिचयाची होतात. त्यांतील कित्येकांची गाठ एखाद्या सूत्राच्या शंभर पानांतही पडत नाही.