काळी तीनमधला वसंत

कामगार संघटनेच्या माणसाने पियानोवर काय बोलायचे, असे कोणी विचारील. पण आज सांगायची गोष्ट संगीताची आहे, तशीच ती उसंतीचीही आहे.

एडवर्ड ग्रीग (१८४३–१९०७) हा नॉर्वेतल्या बर्गेनचा. त्याच्या हयातीत नॉर्वे बराच काळ स्वीडनच्या राजाखाली होता. १९०५ मध्ये तो वेगळा झाला. जर्मनीत लाइपझिगला शिकलेल्या ग्रीगने आपल्या मुलखातल्या लोकगीतांचे वळण पियानोत आणले. 'लिरिक पीसेस' या नावाने त्याच्या ६६ छोट्या रचना १० पुस्तकांत निघाल्या. तिसऱ्या पुस्तकातली शेवटची, १८८६ सालची रचना म्हणजे 'वसंतास'.

रचना छोटी का? त्या शतकात कारखान्यांतून पियानो भराभर तयार होऊ लागले आणि मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोचले. घरी बसून वाजवता येईल, असे काही लोकांना हवे होते.

ती ऐकावी कशी? आपल्या पेटीवाल्याच्या भाषेत तिचा षड्ज काळी तीन. आरंभी उजवा हात वरच्या सप्तकात स्वरांचे झुबके हलकेच वाजवतो. वळचणीचे पाणी ठिबकावे तसे. चाल मात्र खालून, डाव्या हातातून येते. मध्येच आभाळ दाटते, नाद वाढतो. मग तीच चाल परत येते, पण आता वरच्या अंगाने, आणि तिच्याखालून स्वरांचे लोट वाहू लागतात. बर्फ वितळले, हे कोणी सांगावे लागत नाही. सारे तीनेक मिनिटांत!

आता सनावळी पाहा. या रचनेच्या दोनच वर्षे आधी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी आठवड्याची एक सुटी मागितली. ती मिळाली १८९० मध्ये. तिकडे वसंतावर सूर बांधले जात होते, तेव्हा इकडे वसंत पाहायला दिवस मागावा लागत होता.

कुंडलिकेच्या खोऱ्यात आजही पळस फुलतो, आणि धाटावची रात्रपाळी सुटलेला माणूस मान खाली घालून त्याखालून घरी जातो. आम्ही मागणीपत्रांत पगार लिहिला, तास लिहिले. ऐकण्या-पाहण्याची उसंत कधी लिहिली नाही. ती लिहायला हवी होती.